दोन टक्के हवा

कुपवाडच्या शेडमध्ये साचा उताणा पडलेला,
मेण लावून चकचकीत.
मेण विसरलं तर होडी साच्यातून सुटत नाही,
हे मी पहिल्याच आठवड्यात शिकले, बोलणीही खाल्ली.

काचेची चटई अंथरायची, ब्रशनं रेझिन पाजायचं,
मग रोलर.
जिथं पांढरं दिसतं तिथं ती अजून तहानलेली.
सुकुमारअण्णा म्हणतात, पाजा, बुडवू नका.
ताकद धाग्यात असते;
रेझिनचं काम एवढंच, की धाग्यानं धागा धरून ठेवावा.

एप्रिलात हार्डनर झाकणभर जास्त पडला
तर डबा हातातच तापला, धुरावला, दगड झाला.
जुलैत तेच रेझिन संध्याकाळपर्यंत बोटाला चिकटतं.

काल लॅबचा कागद आला.
दोन पट्ट्या. एकाच गठ्ठ्यातली चटई, एकाच ड्रममधलं रेझिन.
पहिली तुटली चारशे वीस किलोला,
दुसरी तीनशे साठला.
शेरा: थरांत हवा, अंदाजे दोन टक्के.

अण्णांनी कोणाची म्हणून विचारलं नाही.
शमशादनं पदराच्या गाठीतला रुपया सोडला
(सासर मिरजेचं, सतारीचे भोपळे वाजवून पारखणारं)
आणि होडीच्या अंगावर ठोकत निघाली.
टण. टण. टण.
डाव्या कुशीला, काठापासून वीतभर खाली,
थप.

ती वीत मला माहीत होती.
बारावीचा निकाल लागला त्या दुपारी
पोरीचा फोन आला, मी रोलर ठेवून बाहेर गेले,
पत्र्याच्या सावलीत दहा मिनिटं रडले, खुशीनं.
परतले तर रेझिन दह्यासारखं धरलेलं.
त्यावरच पुढची चटई टाकली.

"माझी आहे," मी म्हणाले.
अण्णांनी खडूनं गोल काढला, ग्राइंडर लावला.
खाजरी धूळ बाहीत शिरली.
आत मोहरीएवढे बुडबुडे, ओळीनं.

ही होडी डिग्रजला जायची.
कृष्णा चढली की हिच्यात माणसं बसतील,
एखादी शेळी, गॅसची टाकी.
शमशाद म्हणते, भोपळा परवडला,
चुकला तर निदान बेसूर होतो.

मी नवी चटई घेते. कापत नाही, फाडते,
म्हणजे काठाचे धागे जुन्यात मुरतात.
फोन डब्याच्या पिशवीत.
"पोरीला पडले किती?" शमशाद विचारते.
एकोणऐंशी टक्के, मी म्हणते,
आणि रोलर मधून काठाकडे,
मधून काठाकडे.