पहिली टाकी

खाणीनं रॉय स्मोलनिकारच्या हातात कागद दिला
तेव्हा त्यानं सगळं विकायला काढलं:
बोट, बर्फावरची गाडी, दोन छिन्न्यांचे संच
आणि खोक्यातला हा ट्रक, माझ्या हाताएवढा लांब.
"नवाच आहे," म्हणाला. "फक्त चालू होत नाही."

मी बावीस वर्षं दोनशे चाळीस टनी डंपर हाकला,
लाल खड्ड्यातून वर, वरून परत खाली,
शिडी चढून केबिनीत शिरायचं,
कुणाच्या घराच्या छपरावर चढल्यासारखं.
आता गॅरेजच्या टेबलावर हा,
सव्वीस सीसी,
दोरी ओढल्याशिवाय डोळा न उघडणारा.

एप्रिल. मिनेसोटात एप्रिल म्हणजे
दाराशी राखाडी बर्फ आणि आत स्टोव्हचा वास.
शेजारचा एरो आलाय, बारा वर्षांचा, नाक वाहतंय.
प्लग काढून सिलिंडरला टेकवला, दिवा मालवला.
"ओढ."
चट्. निळी, सुईएवढी.
ठिणगी आहे.

पेट्रोल आहे, पंचविसाला एक तेल, मी स्वतः मोजलेलं.
रबरी फुगा दाबला की भरतो.
हवा आहे, फिल्टर धुतलेला.
मग पन्नास वेळा दोरी. साठ वेळा.
माझा खांदा बोलायला लागला.
प्लग पुन्हा काढला: खडखडीत कोरडा.
म्हणजे पेट्रोल दारापर्यंत येतंय
आणि आत कुणी घेत नाहीये.

दुसऱ्या संध्याकाळी कार्बुरेटर उतरवला,
स्क्रू मफिनच्या साच्यात, खळग्यात एक.
पडदा चांगला. सुया चांगल्या.
मग दिसलं ते.
इंजिनाच्या पोटातून एक भोक निघतं, तांदळाच्या कणीएवढं.
पिस्टन खालीवर झाला की त्यातून धक्का जातो,
त्या धक्क्यावर कार्बुरेटर पेट्रोल ओढतो.
मधला कागदी गॅस्केट कुणीतरी उलटा बसवला होता.
भोक बंद.
याची नाडी याच्याच घशापर्यंत पोचत नव्हती.

"एवढंच?" एरो म्हणाला.
एवढंच.

चौथ्या ओढीला पेटला.
खोकला, निळा धूर, टेबलावरचे नट नाचायला लागले,
एरो तर आधीच.
"फुल सोडू?"
नाही. पहिली टाकी नुसती गुरगुरत जाईल,
सुई थोडी सैल, मिश्रण जाड.
आत रिंग नवी, सिलिंडर नवं,
दोघंही खरखरीत, दोघंही आपलंच खरं म्हणणारे.
घासून घासून एकमेकांना ओळखतील.
मग बंद. हात ठेवता येईल इतका गार होऊ दे.
बोल्ट आवळ, निळा गोंद लाव.
मग दुसरी टाकी.
"किती वेळ?"
गुडघ्याला बाशिंग बांधून आलेल्याला
वेळ कधी सांगू नये.

मला बर्निसनं सहा आठवडे रिकामा डंपर चालवायला लावला होता.
कड्यावर पुरुष उभे राहायचे, कॉफी घेऊन,
बघायला.
भरलेला नंतर, ती म्हणायची, आणि सफरचंद खायची.

तिसरी टाकी जुन्या खाणीच्या कडेला.
लाल चिखल, खाली साठलेलं हिरवं पाणी.
आधी रिमोट बंद करून पाहिला: ट्रक जागच्या जागी थांबतो का.
थांबतो.
तेवढ्यात रॉयची पिकअप आली, मफलर फाटलेला.
तो उतरला. खिशातून हात न काढता बघत राहिला.
"काय झालं होतं?"
एक कागद उलटा होता, मी म्हटलं.
तो बराच वेळ गप्प.
"माझ्याकडे होता तेव्हापासून?"
तुझ्याही आधीपासून असेल.
हे मला माहीत नव्हतं, पण म्हटलं.

रिमोट त्याच्या हातात दिला.
"अर्ध्यापुढे नको," एरोनं त्याला बजावलं, माझ्याच आवाजात.
रॉयनं ट्रिगर दाबला, अगदी थोडा,
अंडं धरावं तसा,
आणि ट्रक लाल चिखलातून धूर सोडत
हळू, फारच हळू, वळणाकडे निघाला.
टाकीत अजून बोटभर होतं.