पिग्मी

शेफिल्डला, क्रुक्सच्या चढावर,
सकाळी साडेआठला मी कॉफी घेते.
तीन पौंड चाळीस.
खिशात फोन थरथरतो:
साठ पेन्स बाजूला काढले.

म्हणजे मी खर्चते म्हणून साठतं.
न घेतलेल्या कॉफीतून काही साठत नाही.
बाबांना हे तीनदा समजावलं.
ते म्हणाले, "गळक्या घागरीखाली वाटी ठेवायची
आणि वाटीला बचत म्हणायचं?"

बाबा विट्याला पिग्मी एजंट होते.
सलून, सायकलवाला, रसवंती,
कुठे दहा रुपये, कुठे पाच,
कुठे आज राहू द्या, उद्या दोन्ही दिवसांचे.
पावती फाडताना जीभ दातांत धरायचे.
पेठेत त्यांची चप्पल वाजली
की हात आपोआप गल्ल्यात जायचे.

मग एका सोमवारी पतसंस्थेच्या शटरला
दोन कुलपं.
सलूनवाला आमच्या ओट्यावर येऊन बसला.
बोलला काहीच नाही. चहाला हातही लावला नाही.
बाबांनी स्कूटर विकली,
सलूनवाल्याचे फेडले, रसवंतीचे अर्धे.
सायकलवाला अजून येतो
माझ्या स्वप्नात, हातात पंप घेऊन.

माझा पिग्मी एजंट चप्पल वाजवत नाही.
त्याला घाम येत नाही, सुट्टी नसते.
उद्या तो बुडाला
तर कुणाच्या ओट्यावर जाऊन बसायचं
हे कुठल्याच अटी-शर्तींत सापडलं नाही.

डब्याला नाव द्या, तो म्हणाला होता.
मी दिलं: घर.
चित्र निवडलं: लाल विटा, पिवळं दार.
सहा वर्षांत अकराशे बेचाळीस पौंड, आठ पेन्स.

ब्रोनानं एकदा पिझ्झाच्या खोक्यावर हिशेब मांडला.
डिपॉझिट चाळीस हजार.
या वेगानं दोनशे दहा वर्षं.
"तोवर कॉफी मात्र मनसोक्त होईल," म्हणाली.
ब्रोना बेलफास्टची, छत्तीसची,
आमची न्हाणी एक, फ्रिजचे कप्पे वेगळे.
रात्री नऊला ती सुपरमार्केटात उभी असते
पिवळ्या स्टिकरवाला पोरगा यायची वाट बघत:
पाव, पालक, चतकोर किमतीतला मासा.
आणि त्याच आठवड्यात अठरा पौंडांची मेणबत्ती आणते,
अंजिराच्या वासाची.
"घर नाही, तर घराचा वास तरी."
हिची पिढी उधळी, असं हिचे काका म्हणतात.
मी तिला एकच टी-बॅग
दोनदा पिळताना बघितलंय.

मार्चमध्ये माझी दाढ ठणकली.
सरकारी दवाखान्यात दीड वर्षाची रांग.
खाजगीत रूट कॅनाल, वर कॅप: एक हजार नव्वद.
रात्री दोन वाजता जिन्यात बसून
गालाला गोठलेल्या मटारांची पिशवी लावून
मी डबा उघडला.
त्यानं विचारलं:
घर मोडायचं? नक्की?

विचारलं इंग्रजीतच.
मराठीत मीच ऐकलं.
हो, म्हटलं.

बाबांना फोनवर सांगितलं.
बराच वेळ नुसता त्यांच्या पंख्याचा आवाज.
मग म्हणाले,
"पावती दिली का त्यांनी?"

दवाखान्यातून निघाले, अर्धं तोंड बधिर.
तासभर गरम काही नको, सांगितलं होतं.
तरी चढावर थांबले.
हातांना ऊब हवी होती, असं समजा.
तीन पौंड चाळीस.
खिशात थरथर.

बावन्न पौंड अडुसष्ट.
दार अजून पिवळंच.
नाव बदलायचं का, असं काही त्यानं विचारलं नाही
आणि मीही विषय काढला नाही.
चांगल्या बाजूनं एक घोट घेऊन पाहिला.

हनुवटीवरून ओघळला.