पहिल्या आठवड्याचा हिशेब

तीन उन्हाळे लागले हा खेळ करायला.
खेळात एक पोरगी, एक बादली,
आणि पंप जळायच्या आत
भरायचे मोहल्ल्यातले सगळे कूलर.

बाबांचं इतवारीत भांड्यांचं दुकान होतं.
गिऱ्हाईक पायरी चढलं की आधी पाणी,
मग भाव.
माझ्या दुकानाला पायरीच नाही.
दीड मिनिटाचा ट्रेलर, पाच चित्रं,
आणि किंमत, जी मी एका रात्रीत दोनदा उतरवली.

मंगळवारी एकवीस खपले.
त्यातले नऊ आमच्याच कॉलेजचे,
एक कुंदामावशीनं घेतला, तिच्याकडे कॉम्प्युटर नाही.
बुधवारी दोन.
गुरुवारी एक परत आला.
चौदा मिनिटं खेळून कुणीतरी पैसे मागितले.
कारण: मजा नाही आली.

"काऊन वं, झोपली नाही अजून?"
बाबांना आकडा दाखवला.
चष्मा लावून त्यांनी तो नीट पाहिला.
"परत घेतलं ना, तोंड वाकडं न करता?
मग येईल तो."

शनिवारी चिलीतून कुणी लिहिलं:
हे यंत्र मी कधी पाहिलं नाही.
पोरगी म्हणते, वाळ्याचा वास आला.
तो कसा असतो?

सेहेचाळीस अंश.
उत्तर लिहायला बसले
आणि अर्ध्यात उठले.
आमच्याच कूलरचं पाणी संपलं होतं.