आधीच्या आवृत्त्या

सातपूरच्या आमच्या शाळेत बावीस टॅब आहेत.
एका कंपनीने दिलेले, पाठीवर तिचं नाव,
घासलं तरी जात नाही.
तीन चार्ज होत नाहीत, एकाची काच तडकलेली.
तो अयान मणियार रोज मागून घेतो,
का, ते सांगत नाही.

एकोणीस वर्षं मी लाल पेनाने वाचलं.
ऱ्हस्व, दीर्घ, ऱ्हस्व, दीर्घ.
वही परत द्यायचे तेव्हा तिला गोवर आलेला असायचा.
मुलं खालचा आकडा तेवढा बघून
दप्तरात कोंबायची.
मीही घरी हात धुताना
बोटावरचा लाल डाग पाहून म्हणायचे,
चला, झालं काम.

मग त्र्यंबक रोडच्या हॉलमध्ये प्रशिक्षण.
चिवड्याची पुडी, थंड चहा,
आणि एक हसरा मुलगा:
"मॅडम, मुलं लिहीत असतानाच तुम्हाला दिसेल सगळं."
सगळं?
मागच्या रांगेत कुणीतरी जांभई दिली.
मी वहीत लिहून घेतलं : सगळं दिसतं.

विषय दिला, 'आमच्या घरची सकाळ'.
कामिनी बच्छावने लिहिलं :
आमच्या घरची सकाळ प्रसन्न असते.
पक्षी किलबिल करतात. आई देवपूजा करते.
एक चूक नाही. वेलांटीसुद्धा जागच्या जागी.
'छान' टाकणारच होते,
बोट घसरलं
आणि आधीच्या आवृत्त्या उघडल्या.

मंगळवार, रात्री नऊ चाळीस.
मना बाप रातपाळीवरथीन सकाळले येस.
एकच खाट शे.
मी उठस, तो मना जागावर निजस.
गोधडी गरमच ऱ्हास.

नऊ बावन्न.
माझे वडील रात्रपाळीवरून येतात. मी उठते.
गोधडी गरम असते.

नऊ अठ्ठावन्नला गोधडी गेली.
दहा वाजता वडील.
मग सहा मिनिटं काहीच नाही.
दहा वाजून सहा मिनिटांनी पक्षी आले.

भोंग्यावर उठणाऱ्या त्या गल्लीत
पक्षी आले कुठून?
मला माहीत होतं कुठून.
फळ्यावर मीच सोडले होते दर जूनमध्ये,
नमुना निबंध, परिच्छेद पहिला,
उतरवून घ्या.

त्या रात्री शेरा लिहायला बसले.
'कामिनी, तुझं आधीचं...' खोडलं.
'घरची भाषाही...' खोडलं.
मी पाहिलं, हे तिला सांगायचं का?
तिने पुसलेलं होतं ते, माझ्यासाठीच पुसलेलं.
कुकरची शिट्टी झाली, दुसरी झाली,
माझ्याही अकरा आवृत्त्या झाल्या
आणि शेऱ्याची चौकट रिकामीच.

दुसऱ्या दिवशी प्रोजेक्टर लावला.
म्हटलं, आज मी लिहिते, तुम्ही तपासा.
'माझी सकाळ प्रसन्न' एवढं लिहून थांबले,
कारण ती नसते.
खोडलं. लिहिलं : सकाळी मी आधी आईचं अंथरूण तपासते,
ओलं आहे का.
वर्गात पंख्याचा आवाज.
'ओलं' पण खोडायला गेले
तर मागून अयान ओरडला,
"मॅडम, राहू द्या ना ते!"
हात तडकलेल्या काचेवर तसाच ठेवून.

कामिनी खिडकीबाहेर बघत होती.
काही बोलली नाही. मीही विचारलं नाही.

आज जानेवारीतली रात्र, नऊ पस्तीस,
स्वेटरवर शाल घेऊन मी वह्या नाही, पडदा बघतेय.
तिच्या निबंधात तिच्या नावाचं हिरवं निशाण आलं.
माझंही तिला दिसत असणार.
दोघी एकाच कागदावर, आणि कुणीच काही टाइप करत नाही.
जावं का बाहेर?
तिला एकटीला लिहू द्यावं का?

पक्ष्यांच्या आधी एक ओळ मोकळी झाली.
गो
गोध
गोधडि

डि ऱ्हस्व.
उजवा हात मी मांडीखाली दाबला
आणि त्याच्यावर बसून राहिले.