पाणी मारुतीच्या छातीला

दाखल्यावर एक जून.
तो तुझा नव्हे, ठोंबरे गुरुजींचा म्हणायला हवा.
त्यांनी एका दुपारी अख्खा वर्ग
एकाच दिवशी जन्माला घातला.

आजी वेगळंच सांगायची.
दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागलं होतं,
भांडीबाजारात घागरी तरंगत होत्या,
सुईण तांबट आळीत आली
ती कुणाच्यातरी खांद्यावर बसून,
आणि तू पायाळू.
साल कुठलं?
साल कोण लिहून ठेवतंय, बाई,
वाहून गेलेल्या कढया मोजत होतो आम्ही.

म्हणून दरवर्षी मी पुराची वाट बघते.
धरणातून पाणी सोडलं की सुहास
होळकर पुलावरून फोन करतो:
गुडघ्याला आहे.
मग तासाभराने, कमरेला.
काही वर्षं तिथूनच परत फिरतं पाणी.
त्या वर्षी तू मोठी होत नाहीस.

काल संध्याकाळी तो ओरडलाच, छाती!
मी भिजलेला केकचा खोका घेऊन
जेल रोडला तुझ्या दारात.
तू म्हणालीस, आधी पाय पूस.

एकतीस वर्षं प्रेसला गेलीस.
गेटावर झडती,
डब्यातली भाजीसुद्धा चमच्यानं उकरून बघायचे.
आपला रुपया बाहेर ठेवायचा
आणि आत दिवसभर तिकिटांचे ताव.
कुठे रंग सरकलाय, कुठे भोकं चुकलीत,
कुठल्या मोराला डोळाच नाही,
ते तू बाजूला काढायचीस.
एवढी तिकिटं गेली तुझ्या अंगठ्याखालून.
तुझ्या नावानं पत्र आलं एकच, मामाचं,
तेही बैरंग.

घरी आलीस तरी नजर ड्युटीवरच.
माझ्या वहीतला राहिलेला काना,
मेथीतलं गवत,
आणि माझं स्थळ आलं तेव्हा
स्वयंपाकघरात, पोह्यांवर खोबरं घालता घालता,
"मुलगा बरा आहे.
जरा डावीकडे छापलाय."

सातपूरची कंपनी बंद पडली तेव्हा
बाबा आठ महिने रोज वेळेवर निघायचे.
तू रोज डबा भरून द्यायचीस.
ते चिवड्याच्या दुकानात पुड्या बांधत होते
हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही.
त्यांच्या शर्टांना लसणाचा वास यायचा.
शर्ट तूच धुवायचीस.
एकदा विचारलं मी, बाबा गेल्यानंतर.
तू म्हणालीस, कांदा चिरून दे पटकन.

आता रेशनच्या मशीनवर तुझा अंगठा उमटत नाही.
दुकानातला पोरगा म्हणतो, आजी, पुसून ठेवा.
तू पदराला पुसतेस.
पुन्हा पुसतेस.
लाल दिवा.
तावांनीच खाल्ल्या असतील रेषा.
"म्हणजे मीच वेस्टेज आता,"
आणि इतकी हसलीस
की रांगेतल्या बाया वळून बघायला लागल्या.

मेणबत्त्या किती, यावर भांडण झालं.
शेवटी एकच लावली.
तू सुरी हातात घेतलीस, तुकडे केलेस,
मग अंगठा हवेत नाचवत मोजलेस,
जुन्या सवयीनं, भराभर.
आम्ही सुहास धरून सहा.
तुकडे सात.

दरवर्षी एक उरतो.
आम्ही मोठी माणसं विचारत नाही.
पण रेवा पाच वर्षांची आहे.
"आजी, हा कुणाचा?"

तू बशीवर वाटी पालथी घातलीस.
"तुझ्या मोठ्या मावशीचा.
अकरा मार्च. बुधवार.
पहाटे चार वाजून दहा मिनिटं.
उजव्या कानामागे तीळ होता."
"मग ती कुठंय?"
"अकरा दिवस होती."

रेवानं बोटं उघडली,
दहाच भरली,
अकरावं तिनं तुझ्या हाताचं धरलं.
अंगठा होता तो.

तेवढ्यात फोन वाजला.
सुहास पुलावरून निघत होता,
म्हणाला, उतरतंय, कमरेवर आलं.

"चला, झाला वाढदिवस,"
तू गुडघ्यावर हात टेकून उठलीस,
"ती बशी फ्रीजमध्ये ठेव गं,
मुंग्या लागतील."