अकरा विड्या

कन्ना चौकातून कुरिअरवाला फोन करतो, गल्ली सापडत नाही.
मी चपला न घालता निघतो, तापल्या डांबरावरून,
पन्नाशी उलटलेला माणूस.

खोक्यावर तोच रंगीत पट्टा, तीच वाकडी अक्षरं:
तारका चौसष्ट.
चाळीस वर्षांनी कुठल्याशा कंपनीला पुन्हा आठवलेला.

माहितीपत्रक सांगतं:
मूळ साचा, मूळ रंग, रबरी कळा अठ्ठेचाळीस.
रबराचा वासही तोच. हे छापलेलं नाही,
मी हुंगून सांगतोय.
आत मात्र जुनं काही नाही.
नखाएवढी एक काळी चिप,
सांगाल त्या चिपचं सोंग घेणारी, बहुरूपीण.
टीव्हीला सपाट तोंडाची केबल. चित्र स्वच्छ, कोरडं,
मुंग्या नाहीत, कडेची थरथर नाही.
थरथर हवीच असेल तर मेनूत आहे, म्हणे.

कॅसेटची खाच आहे. बोट घातलं.
आत भिंत.

पहिला आणला मल्लेशममामानं, बहरीनहून.
कस्टमवाल्याला टाइपरायटर म्हणून सांगितला.
साखर पेठेतली एक खोली,
टीव्ही शेजाऱ्यांचा, टेपरेकॉर्डर आमचा.
बाप चादरीच्या कारखान्यात पुठ्ठ्यांना भोकं पाडायचा,
जेकॉर्डवरच्या मोराच्या मानेसाठी,
आणि झोपेतही पुटपुटायचा, उंदी, लेदु, लेदु, उंदी,
आहे, नाही, नाही, आहे.
मशीनला चारी बाजूंनी बघून एवढंच म्हणाला,
ह्याचं कार्ड कुठं घालतात?

कार्ड नव्हतं, कॅसेट होती. ती किंचाळायची.
पडद्याच्या कडेनं निळे-पिवळे पट्टे धावायचे
आणि कुणी हलायचं नाही,
दार आपटलं तरी गेम जायचा.
हलायची फक्त अक्का.
मांडीवर सूप. पान, चिमूट, वळ, दोरा,
पान, चिमूट, वळ, दोरा.
तिनंच हिशेब काढला:
एक गेम म्हणजे अकरा विड्या.
शेवटाला चूक दाखवली, तर परत अकरा.
पावसाळ्यात सादळलेले कट्टे ती ट्रान्सफॉर्मरवर मांडायची,
तो विटेसारखा तापायचा,
कारखान्यात छाट कमी निघायची.
त्या यंत्राचा आमच्या घराला झालेला
तेवढाच रोख फायदा.

आज बटण दाबलं.
पापणी लवायच्या आत गेम समोर.
अक्कानं कॉटवरून बघितलं, चष्मा पुसून परत बघितलं.
झालं?
झालं.
मग मधल्या वेळात काय करायचं?

मी मेनू धुंडाळला. जॉयस्टिक दोन,
मेमरी चौसष्ट, भाषा सात, त्यात आपली नाही, बापाचीही नाही.
पार तळाला, बारीक अक्षरांत:
लोडिंग, मूळ वेग.
लावला.

किंकाळी सुरू झाली.
खालच्या मजल्यावरचं पोरगं कान दाबत वर आलं,
दारातच थांबलं.
अक्काचं सूप सुटून पंधरा वर्षं झाली,
खोकल्यानं सोडवलं.
नजर पडद्यावर,
आणि पदराचं टोक तिच्या बोटांत
वळत होतं, सुटत होतं, वळत होतं.
मी मनात मोजत होतो.

नवव्याला गेम आला.
अक्का म्हणाली, मूळ नाही रे हा वेग.
दोन विड्या कमी पडतात.
कंपनीला लिही.

तिच्या बोटांबद्दल मी काही बोललो नाही.
लिहितो म्हणालो.