साठच्या खाली

शाळेत मी मंद सायकल स्पर्धेत पहिली यायचे.
पहिली, म्हणजे सगळ्यांच्या शेवटी पोचणारी.
चुन्याच्या दोन रेघा, मधे हातभर वाट,
पाय टेकायचा नाही, रेघ शिवायची नाही,
हँडल तिळभर इकडे, तिळभर तिकडे,
आणि घाई झालेल्या मुली भराभर पुढे जाऊन हरायच्या.
बक्षिसाचा स्टीलचा डबा अजून घरात आहे.
बडीशेप असते त्यात.

म्हणून हेलिकॉप्टर मला पहिल्याच दिवशी आपलं वाटलं.
विमानाला थांबता येत नाही, बिचारं.
आम्हाला येतं.
लोहगावच्या गवतावर पुरुषभर उंचीवर,
वारा अंगावर घेत, एका जागी,
सगळं तिळभर इकडे, तिळभर तिकडे.

पण ढगात शिरताना ही विद्या दाराशी ठेवायची.
तिथे एक आकडा असतो. आमच्या मशीनचा साठ नॉट.
बाहेर काही दिसत नसेल, तर त्याच्या खाली जायचं नाही.
कॅप्टन होडीवाला पेन्सिलीच्या मागच्या टोकाने
वेगाच्या काचेवर टकटक करायचे:
"ढगात हिला कणा नाय, पोरी. हाच कणा."

ऑगस्टमधली दुपार. फलटणहून परत येत होतो.
सासवडच्या पुढे दिवेघाट कुठे गेला कळलं नाही,
काचेला चारी बाजूंनी धुतलेला कापूस.
उंची पाच हजार. दिशा नेमून दिलेली.
दोन्ही ऑटोपायलटच्या हवाली.
कंट्रोल म्हणाला, पुढे विमान आहे, जरा सावकाश या.
मी डाव्या हाताने ताकद थोडी उतरवली
आणि पुढचा निरोप मांडीवरच्या पॅडवर लिहायला लागले.

उंचीचा काटा इतका स्थिर की फोटो काढावा.
कुणाला काही जाणवलं नाही.
खुर्चीला नाही, पोटाला नाही, कानांना तर नाहीच.
सांगकाम्या होता तो.
उंची धर म्हटलं होतं, ती धरत होता,
धरण्यासाठी नाक केसभर वर, मग अजून केसभर,
आणि किंमत ज्या खिशातून देत होता
तो खिसा माझ्या नजरेत नव्हता.
नव्वद. ब्याऐंशी. चौऱ्याहत्तर.
मी "होल्ड" शब्दाखाली रेघ मारली.
अडुसष्ट.

टक. टक.

चौसष्ट.
होडीवाला काही बोलले नाहीत.
खिडकीबाहेर बघत होते, जिथे काहीच नव्हतं.
मी ताकद वर ओढली, पाय सावरले,
काटा जागच्या जागी विचार करत राहिला,
मग पासष्ट, मग सत्तर, म्हाताऱ्याने जिना चढावा तसा.
अजून खाली गेलो असतो तर काही वेळाने
तो काटाही खरं सांगेनासा होतो,
हे मला पाठ होतं. परीक्षेत लिहिलंही होतं.
पूर्ण मार्क.

कापूस एकदम संपला.
धानोरीचे पत्रे, काळ्या टाक्या, कुणाची तरी गच्चीवरची चटई,
आणि ओल्या धावपट्टीचे दिवे.
शेवटी ऑटोपायलट सोडवून मी तिला हाताने उभी केली,
गवताच्या वर, एका जागी, अगदी छान.
होडीवाला म्हणाले, "हे तर तुला जमतेच."
पेन्सिल कानाला लावली, उतरले, चहाला गेले.

घरी जाताना विश्रांतवाडीचा सिग्नल.
मी तिथे कधी पाय टेकत नाही.
शेवटचे पंधरा-वीस सेकंद स्कूटर रांगती ठेवते,
तिळभर इकडे, तिळभर तिकडे,
शाळेची खोड.
त्या दिवशी लाल दिवा दिसताच ब्रेक लावला
आणि दोन्ही पाय टेकले,
चिखलात, नीट, टाचांसकट.

मागच्याने हॉर्न दिला.
अजून सात सेकंद होते.